खुलासा: निर्वात डबीने मोबाइलच्या फिल्टरमधली गळती थांबत नाही

'मोबाइलच्या फिल्टरमधले सूक्ष्म रेझोनेटर निर्वात डबीत बंद केले की त्यांचा ऊर्जाव्यय संपतो' असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. (फिल्टर म्हणजे हवा तोच रेडिओ संकेत गाळून घेणारा भाग, आणि रेझोनेटर म्हणजे त्यातला ठरावीक वेगाने कंप पावणारा तुकडा.) तो चुकीचा आहे.

ही समजूत बहुधा घड्याळाच्या स्फटिकावरून आली असावी. त्यातला चिमट्यासारखा क्वार्ट्‌झ सेकंदाला 32,768 वेळा वाकतो. त्याला हवेचा अडथळा खरोखरच जाणवतो, म्हणून तो निर्वात डबीत ठेवतात. तिथे हे बरोबर आहे.

मोबाइलमधला रेझोनेटर म्हणजे ॲल्युमिनियम नायट्राइडचा पापुद्रा. तो मात्र सेकंदाला अब्जावधी वेळा जाडीच्या दिशेने आकुंचन-प्रसरण पावतो. त्याच्यासाठी हवा जवळजवळ परिपूर्ण आरसा असते. ध्वनिलहर तिच्यावर आपटून परत फिरते. म्हणूनच तर पापुद्र्याखाली मुद्दाम पोकळी कोरतात, किंवा पोकळीऐवजी आरशाचेच काम करणारे टंगस्टन आणि सिलिकॉन डायऑक्साइडचे पाव तरंगलांबीचे थर आलटून पालटून रचतात.

खरी गळती होते कडांकडून आणि आधारांतून सिलिकॉनमध्ये, इलेक्ट्रोडच्या विद्युतरोधात आणि पदार्थाच्या आत उष्णता होऊन. कडेने जाडीचा बारीक फरक करून एक चौकट बसवली की आडव्या पळणाऱ्या लहरी आत अडकतात. हा उपाय मला सर्वांत देखणा वाटतो.

शिवाय व्ययांची बेरीज होते. ऊर्जाव्यय किती कमी आहे हे सांगणारा आकडा म्हणजे गुणांक (Q); तो जितका मोठा तितका व्यय कमी. हवेपुरता गुणांक 1,00,000 आणि बाकी सगळ्यांचा मिळून 2,000 धरला, तर एकूण सुमारे 1,960 येतो. हवा पूर्ण काढूनही तो 2,000 च्या पुढे जाणार नाही.