पैसे कटले, फॉर्म पेंडिंग, आणि वर म्हणे समक्ष या

आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं परिपत्रक शुक्रवारी रात्री पावणेअकराला ग्रुपवर आलं. नेहमीसारखंच तिरकं स्कॅन केलेलं, शेवटची ओळ अर्धी कापलेली, शिक्का बरोबर सहीवर बसवलेला, म्हणजे ना सही वाचता येते ना शिक्का. मजकूर असा: परीक्षा फॉर्म भरताना ज्यांच्या खात्यातून रक्कम वजा झाली पण फॉर्म 'पेंडिंग' दिसतो, त्यांनी बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट, फॉर्मची प्रिंट आणि प्राचार्यांचं पत्र घेऊन सोमवारी चारपर्यंत परीक्षा विभागात समक्ष हजर राहावं. 'तरी सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.'

घेतली. चांगली डोक्यात घेतली.

आता हिशोब लावा. शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणजे बँका बंद. परीक्षा विभागालाही कुलूप. रविवार रविवारच आहे. उरला सोमवार. बँक उघडते दहाला. शिक्का मारणारे साहेब टेबलावर येतात साडेदहाला, प्रिंटर चालू असेल तर स्टेटमेंट निघतं अकराला. मग कॉलेजात प्राचार्यांची सही, ते मीटिंगला नसतील तर. मग एसटी. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावच्या पोराने घाट उतरून शहाद्याला यायचं, तिथून दुसरी गाडी धरायची, आणि चारच्या आत खिडकीसमोर उभं राहायचं. ज्याने ही मुदत ठरवली त्याने आयुष्यात धडगाव नकाशावर तरी बघितलंय का? पोराने काय ड्रोनवर बसून यायचं?

आणि समक्ष कशासाठी? फॉर्म ऑनलाइन, फी ऑनलाइन, हॉल तिकीट ऑनलाइन. गोंधळ झाला की तेवढं समक्ष! म्हणजे मशीनचं काम मशीन करणार, आणि मशीनची चूक पोरं खांद्यावर टाकून दोनशे किलोमीटर वाहून आणणार.

हे पेंडिंगचं प्रकरण काही दैवी कोप नाही. पोरं फॉर्म फोनवर भरतात. ब्राउझरमध्ये 'पे नाऊ' दाबलं की यूपीआयचं ॲप उघडतं. दोन-तीन जीबी रॅमचा फोन, मागे राहिलेला ब्राउझर तो गुपचूप बंद करून टाकतो. पिन टाकला, पैसे गेले, टिंग वाजलं, परत आलं तर पान कोरं, नाहीतर 'सेशन एक्सपायर्ड'. आता पैसे मिळाल्याचा निरोप पोर्टलला पोरीच्या फोनमधूनच जाणार असेल, तर तो मेलाच की वाटेत. हाच निरोप पेमेंट गेटवेच्या (म्हणजे मध्ये बसून ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीच्या) सर्व्हरकडून थेट पोर्टलच्या सर्व्हरला जायची सोय असते. ती नीट बसवली तर पोरीचा फोन विहिरीत पडला तरी फॉर्म 'पेड' होतो. बसवायची कोणी?

बरं, नसेल बसवली. तरी गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट बहुतेक दुसऱ्याच दिवशी हजर असतो. कोणत्या व्यवहाराचे किती पैसे आले, ऑर्डर नंबर काय, वेळ काय, सगळं त्यात. पेंडिंग फॉर्मची यादी एका बाजूला, हा रिपोर्ट दुसऱ्या बाजूला, एक्सेलमध्ये ऑर्डर नंबर जुळवायचे. बारावीच्या पोराला बसवा, चहा थंड व्हायच्या आत करून देईल. ज्याचे पैसे आले त्याचा फॉर्म पेड, ज्याचे आले नाहीत त्याला मेसेज. संपला विषय. पैसे आले की नाही हे ज्यांच्या खात्यात आले त्यांना ठाऊक, पण पुरावा आणायचा ज्याच्या खात्यातून गेले त्याने. तोही शिक्क्यासकट.

या शिक्क्याचंही मला कौतुकच वाटतं. स्वतःच्या सहीने साक्षांकित केलेली झेरॉक्स चालते असं राज्य सरकारने २०१५ सालीच सांगून ठेवलंय. पण इथं निळा गोल उमटल्याशिवाय कागदाला कागद म्हणायची पद्धत नाही. पीडीएफ स्टेटमेंट दाखवलं तर 'हे तर कोणीपण बनवेल'. आणि शिक्का? तो झेरॉक्सवाल्याच्या शेजारच्या दुकानात करून मिळतो, पण ते जाऊ द्या.

दुसरी मजा पुढेच आहे. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने पैसे कटले आणि दुकानदाराकडे पक्के झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. म्हणजे बिचारी शिक्का-सही-पत्र घेऊन खिडकीशी पोचते तोवर पैसे खात्यात परत आलेले असतात. मग खिडकीतून आवाज: 'अहो ताई, तुमची फी आलेलीच नाही. लेट फीसकट परत भरा.' आणि घाबरून जे दोनदा भरतात त्यांचे दोन्ही व्यवहार नेमके पक्के होतात! रिफंडसाठी मग अर्ज. विहित नमुन्यात. विहित नमुना वेबसाइटवर. वेबसाइट अंडर मेंटेनन्स.

खिडकीचं वेळापत्रक तर सगळ्यांना पाठ आहे. अकरा ते एक, अडीच ते चार. मधल्या वेळात पंख्याखाली एक रिकामी खुर्ची फिरत असते. 'सर साइटवर गेलेत.' कोणती साइट, कुठली साइट, आजपर्यंत कळलेलं नाही. एवढ्या वर्षांत त्या साइटवर धरण बांधून व्हायला पाहिजे होतं. शेवटी जो माणूस भेटतो तो स्वभावाने खरंच वाईट नसतो. 'काय करू भो, माझ्या लॉगिनला तेवढं बटणच नाही' म्हणतो, आणि ते खरंच असतं. बटण ज्याच्या लॉगिनला आहे तो कंत्राटदार कंपनीचा माणूस पुण्यात बसलेला, आणि त्याला ईमेल करणार ते साहेब साइटवर.

आता विषय निघालाच आहे तर तो फॉर्मसुद्धा बघा. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून ड्रॉपडाउनमध्ये विषयांचे प्रकारच किती: मेजर, मायनर, ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. सेमिस्टरला २२ क्रेडिट जुळवायचे. ओईची यादी उघडली की एकाच नावाचे दोन पेपर, कोड फक्त शेवटच्या अक्षरात वेगळा. चुकीचा निवडला तर कोणी अडवत नाही, फॉर्म खुशाल पुढे जातो. कळतं कधी? हॉल तिकिटावर. पेपरच्या आदल्या संध्याकाळी. आणि फोटो वीस ते पन्नास केबीमध्येच पाहिजे. मोबाइलचा फोटो तीन एमबीचा, तो दाबून दाबून एकोणीस केबी झाला की 'फाइल टू स्मॉल', थोडा सैल सोडला की एक्कावन्न. त्यातून पन्नासच्या आत बसवला तर जेपीजी पाहिजे, जेपीईजी नको. दोन्ही एकच असतं रे बाबांनो!

(इथं मी पाणी पिऊन आलो. मला माहीत आहे की परीक्षा विभाग असलं काही वाचत नाही. त्या तिरक्या परिपत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी लाल पेनाने गोल केल्यात, त्याचाही कोणाला काडीचा उपयोग नाही. आणि ही एवढी सिंहगर्जना त्या खिडकीसमोर गेली की 'सर, प्लीज जरा बघता का' एवढी बारीक होते, तेही माहीत आहे. तरी लिहिणार.)

निकालाचं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६, कलम ८९. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा, आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांत लावायचाच. कायद्यात आहे हे, मी म्हणत नाही. आणि ज्यांचा लागतो त्यातल्या अर्ध्यांचा 'राखीव'. का? अंतर्गत गुण आले नाहीत. कॉलेज म्हणतं पाठवले, विद्यापीठ म्हणतं मिळाले नाहीत, आणि मधल्या मध्ये पोरगं बंद पाकीट घेऊन इकडून तिकडे. पाकीट फोडायचं नाही बरं का, त्यात गोपनीय आहे! पाकिटातल्या गुणांवर याचं पुढचं ॲडमिशन अडलंय, पण वाहायचं काम तेवढं त्याचं.

गावाबाहेर विद्यापीठ बांधायची कल्पना ज्याची होती त्याला मे महिन्यात एकदा दुपारी दोन वाजता हायवेच्या गेटवर उतरवा. आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा डांबर चपलेला चिकटतं. गेटपासून इमारतीपर्यंत ऊनच ऊन. आणि गेटवर उतरायला आधी गाडी तर थांबली पाहिजे! लांब पल्ल्याचा कंडक्टर हात हलवतो, 'इथं थांबा नाही, स्टँडवर उतर.' स्टँडवरून तेवढंच अंतर मागे, रिक्षात सीटवर. विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, एसटीचे उपकारच आहेत, पण त्या सवलतीत वाचलेलं सगळं स्टँड ते गेट या रिक्षात जातं. उलट्या दिशेने संध्याकाळी आणखी वाईट. सहानंतर गेटवर जी गाडी येते ती भरलेली, आणि जी रिकामी दिसते ती थांबत नाही. पोरी मोबाइलचा टॉर्च लावून हात दाखवत उभ्या. सुरक्षेवर सेमिनार मात्र वातानुकूलित सभागृहात.

हॉस्टेलची यादी सेमिस्टर सुरू झाल्यावर लागते, तोवर बाहेर खोलीचं डिपॉझिट भरून झालेलं असतं, ते परत मिळत नाही. पुढे.

मेस. नाही, मेसवर मी थांबणार. कारण बाकी सगळं सहन होतं, भरीत होत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय, बामणोदच्या वांग्यासाठी लोक लांबून येतात, हिरवंगार, मोठं, बी कमी. ते काड्यांच्या जाळावर भाजायचं, साल काढून लाकडी बडगीत ठेचायचं, हिरवी मिरची-लसूण तेलात, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी नाहीतर पुरी. बास. आणि या वांग्याच्या मुलखात मेसमध्ये काय मिळतं? जांभळं, बियाळं, कुकरमध्ये उकडलेलं वांगं, आणि त्यात टोमॅटो! भरतात टोमॅटो! धुराचा वासही नाही. उकडलेल्या वांग्याला पाणी सुटतं, ते ताटात पसरून पोळीच्या खाली शिरतं, आणि आंबट टोमॅटोने मिरचीचा जो काय थोडा जीव असतो तोही जातो. फलकावर नाव 'खान्देशी भरीत'. शेवभाजीचं तर विचारू नका, रस्सा आरपार दिसतो, शेव तळाशी जाऊन बसलेली. मेसचं बिल मात्र दहा तारखेच्या आत, नाहीतर दंड. तेसुद्धा ऑनलाइन. तेसुद्धा पेंडिंग.

असो. सोमवारी ज्यांना जायचंच आहे त्यांनी एवढं करा. यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडून बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून घ्या, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पोर्टलचा ऑर्डर नंबर वेगळा असतो, तो फॉर्मच्या प्रिंटवर खाली बारीक अक्षरात आहे, दोन्ही पाहिजेत. खात्यात पैसे परत आलेत का ते निघायच्या आधी बघा, आले असतील तर प्रवास वाया घालवू नका, फॉर्म परत भरा, आणि या वेळी कॉम्प्युटरवरून क्यूआर कोड स्कॅन करून, म्हणजे पान बंद पडणार नाही. शिक्का मिळाला नाही म्हणून घरी बसू नका, हेच सगळं मुदतीच्या आत परीक्षा विभागाला ईमेल करा आणि कॉलेजच्या अधिकृत ईमेलला कॉपी टाका, उद्या 'मुदतीत आला नाहीत' म्हणाले तर दाखवायला. अर्जाचे दोन संच न्या, दुसऱ्यावर पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारीख टाकून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. फोनवर विचारून निघा असं म्हणणार होतो, पण फोन कोण उचलतो.

आणि स्टेपलर घरून न्या. तिथं पिना संपलेल्या असतात.