लाल खडू आणि माझे दोन ईमेल

मुलगी पाच वर्षांची. परवा शाळेतून आली ती दप्तर भिरकावतच. "ती आता माझी मैत्रीण नाही!" का, तर लाल खडू दिला नाही. रात्री मी तिच्या बाईंना ईमेल टाकला: जमलं तर दोघींना वेगळं बसवाल का? सकाळी फाटकापाशी बघते, तर दोघी एकमेकींची बाही धरून पळत सुटलेल्या.

बहिणीला फोनवर सांगितलं तर तिला हसू आवरेना. तिकडे आमच्या घरच्या ग्रुपवर हाच वाद रंगलेला असतो. बहिणीच्या गटाचं म्हणणं, पोरांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये, आज कट्टी तर उद्या गट्टी. दुसरा म्हणतो, ते दिवस गेले, आता पोरं कुणाशी खेळतात त्यावर लक्ष ठेवावं लागतं. मी राहते त्या परक्या मुलखात हा वादच नाही. दुसरा गट केव्हाच जिंकलाय. दोन मुलांना खेळायचं असेल तर आधी दोन आयांच्या कॅलेंडरात जागा सापडावी लागते. मीही त्यातलीच झालेय, नाहीतर तो ईमेल कशाला गेला असता?

मला बहिणीचा गट पटतो, पण "मुलांना काय कळतंय" हे त्यांचं कारण नाही पटत. रॉबर्ट सेलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मुलांशी बोलून मैत्रीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. अगदी खालच्या पायरीवर मैत्रीण म्हणजे आत्ता माझ्याबरोबर खेळतेय ती. त्यावरच्या पायरीवर, मला हवं ते करते ती. त्या हिशेबाने लेकीचं वाक्य चोख होतं. मीच ते घटस्फोटाच्या नोटिशीसारखं वाचलं.

बोलताही न येणाऱ्या बाळांचा हिशेब तर थक्क करतो. अ‍ॅशली थॉमस आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2022 मध्ये 'सायन्स'मध्ये आला. एक बाहुली एका बाईबरोबर संत्र्याची एकच फोड खाते, दुसरीबरोबर चेंडू खेळते. मग बाहुली रडू लागते. वर्षाच्या आतली बाळंसुद्धा आधी बघतात ती फोड खाणाऱ्या बाईकडे: आता हीच धावून येणार! संशोधकांना 'लाळेची देवाणघेवाण' म्हणावं लागलं. आपलं काम 'उष्टं' एवढ्यावर भागतं.

मला बोचला तो दुसराच प्रयोग. 2009 मध्ये कॅथरिन किंझलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या गोऱ्या मुलांना विचारलं, मैत्री कुणाशी कराल? नुसते फोटो दाखवले तेव्हा मुलांनी आपल्या रंगाची मुलं निवडली. आवाजही ऐकवले, तेव्हा मात्र वेगळ्या रंगाचं पण आपल्यासारखे उच्चार करणारं मूल पुढे गेलं, आणि आपल्या रंगाचं पण परके उच्चार असलेलं मागे पडलं. माझे उच्चार इथे परकेच. हे वाचलं आणि लेक फाटकापाशी मला "आई, हळू बोल ना" का म्हणते, ते कळलं. तिला माझी लाज वाटते असं धरून मी दोन दिवस फुगून बसले होते. ती बिचारी आपली जागा सांभाळत होती.

म्हणूनच सगळंच पोरांवर सोडा, असंही मी म्हणणार नाही. कोण आवडावं हे मोठ्यांनी ठरवू नये; पण खेळात कुणाला घ्यायचं, हा प्रश्न वेगळा. शिकागोच्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी वर्गात नियमच केला होता: 'तू खेळायचं नाहीस' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. मैत्रीची सक्ती त्यात नाही, दार मात्र उघडं राहतं. परक्या उच्चारांच्या पोराला आधी तेवढंच लागतं.

शेवटी बाईंना दुसरा ईमेल गेला. त्यात लिहिलं, जागा बदलू नका, कालचं विसरा. पण वर्गात असा काही नियम आहे का, तेवढं कळवाल?