बोगद्याइतकीच डोंगराची काळजी घ्या
तुमच्या लेखात दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाच्या ‘ला लिनेआ’ या रस्त्याच्या बोगद्याचं कौतुक आहे, ते रास्तच. राजधानी बोगोटा ते बुएनाव्हेंतुरा बंदर या वाटेवरचा हा साडेआठ किलोमीटरहून लांब बोगदा २०२० मध्ये खुला झाला आणि ट्रकांचा अँडीज पर्वताच्या चढणीचा त्रास कमी झाला. पण जानेवारी २०२४ मध्ये त्याच देशात मेदेयीन-किब्दो रस्त्यावर दरड कोसळली, कितीतरी माणसं गेली. तिथला पाऊस मातीत मुरत राहतो, उतार जड होतो आणि सुटतो. म्हणून चर, मोऱ्या, उताराला पायऱ्या यांवर आधी पैसा घाला! आम्ही सोलापूरकर सपाटीवरचे. तरी माझा भाऊ आंबा घाटातून रत्नागिरीला ट्रक नेतो. जुलैत ‘घाट उतरलो’ असा त्याचा फोन येईपर्यंत आई जेवत नाही.