गणवेश घातला की सगळी मुलं सारखी होतात?

जून आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. गणवेशामुळे शाळेत गरीब-श्रीमंत भेद उरत नाही. मुलं त्याला नाकं मुरडतात ती शिस्त नको म्हणून. आणि सरकार तो फुकट देतं, मग तक्रार कसली? जिल्हा परिषदेच्या शाळेत मी 22 वर्षं शिकवते आहे. यातलं एकही मला पटत नाही.

भेद उरत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा परिपाठाच्या रांगेजवळ उभं राहावं. दरवर्षी नवा गणवेश येणाऱ्याची कॉलर ताठ असते. ज्याचा 'वाढत्या अंगाचा' शिवलेला असतो, त्याची पँट पहिल्या वर्षी टाचेखाली लोळते आणि तिसऱ्या वर्षी घोट्याच्या वर जाते. मुलीच्या स्कर्टची दुमड उसवून लांबी वाढवली, की विटलेल्या कापडाखाली मूळच्या गडद निळ्या रंगाची पट्टी उघडी पडते. ती पट्टी सगळ्या वर्गाला कळते.

याहून वाईट भेद तर आम्हीच केला. समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलींना गणवेश मिळायचा, पण मुलग्यांत फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. बाकीच्या मुलग्यांना राज्याने सामावून घेतलं ते 2023 मध्ये. तोवर वाटपाच्या दिवशी यादीतली नावं वर्गात वाचली जायची. कोण कुठल्या जातीचा, हे दहा वर्षांच्या पोरांना त्या यादीतून समजायचं. त्या याद्या मीही वाचल्या आहेत, आणि ते आठवलं की आजही लाज वाटते.

आता शिस्तीचं. मुलांना गणवेश नको असतो, हेच मुळात खरं नाही. आमच्याकडची कितीतरी मुलं जत्रेला आणि लग्नालाही गणवेश घालून येतात, कारण घरातला सगळ्यात धड कपडा तोच असतो. मुलं कुरकुरतात ती अंगाला काचणाऱ्या, धड न बसणाऱ्या कपड्यावर. शनिवारी कवायतीला पांढरा ड्रेस सक्तीचा असला, की पाळीच्या दिवसांत सातवी-आठवीच्या मुली घरीच थांबतात. हजेरीपटावर ती नुसती गैरहजेरी दिसते. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या मुलींना शाळेत यायला सायकली मिळतात, आणि त्याच मुलींना काही शाळा स्कर्ट घालायला लावतात. एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने स्कर्ट धरून तीन किलोमीटर येणाऱ्या मुलीला बेशिस्त कोणी म्हणावं?

केरळात वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलामुलींना एकच गणवेश दिला : शर्ट आणि गुडघ्यापर्यंत येणारी तीन-चतुर्थांश पँट. मुलींना धावता यावं, खेळता यावं, एवढा साधा विचार त्यामागे होता.

राहिलं फुकटचं. एका गणवेशाला 300 रुपये, दोन संचांचे 600. एवढ्यात कापड आणि शिलाई भागवायची. 2024 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापडखरेदी एका जागी झाली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. कित्येक शाळांत 15 ऑगस्टच्या झेंड्यालाही गणवेश पोचले नाहीत. जे आले त्यांतल्या अनेकांची मापं चुकलेली. बचत गटांच्या बायकांना मी दोष देणार नाही. ज्या मुलांचे कपडे त्या शिवत होत्या, ती त्यांच्यासमोर मापाला उभीच राहिली नव्हती. त्याच डिसेंबरात निर्णय फिरवून 2025-26 पासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं गेलं.

या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आमच्या समितीने कापड आणण्याआधी सातवीच्या मुलींना बसवून विचारलं, काय हवं? रंगाबद्दल कोणी बोललं नाही. त्यांनी कमीजला खिसा मागितला; रुमाल, एसटीचा पास आणि लागलं तर पॅड ठेवायला. शिवणाऱ्या ताईंनी कातरणीत उरलेल्या कापडाचे खिसे लावून दिले.