‘शंभर टक्के’ आवाज आणि माझा चुकलेला ‘कधीच’

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागात लिहिलेली असली तरी मुद्दा नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘एमपी३ करण्याआधी गाणी नॉर्मलाइझ कधीच करू नका’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला खटकलं. (नॉर्मलाइझ करणं म्हणजे फाइलमधला सगळा आवाज ठरावीक पातळीपर्यंत उचलणं.) तुमचं म्हणणं असं, की एन्कोडरला, म्हणजे एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला, भरघोस सिग्नल मिळाला नाही तर बिट वाया जातात आणि दर्जा घसरतो. म्हणून तुम्ही प्रत्येक गाणं आधी शंभर टक्क्यांवर नेता आणि मगच एन्कोड करता.

वेव्ह फाइलपुरतं, म्हणजे न दाबलेल्या मूळ आवाजापुरतं, तुमचं बरोबर आहे. तिथे एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. १६ बिटांचं रेकॉर्डिंग २४ डेसिबल खाली झालं असेल तर हातात १२ बिटांचाच ऐवज उरतो. (नंतर आवाज वाढवून गेलेले बिट परत येत नाहीत, खरखर तेवढी वर येते.) एमपी३चा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यात वेव्हसारखे आवाजाचे क्षणाक्षणाचे नमुने साठवलेच जात नाहीत. साठवले जातात ते वेगवेगळ्या वारंवारतांचे आकडे आणि त्यांना गुणायचा एक गुणक, ग्लोबल गेन. गाणं बारीक आवाजाचं असेल तर गुणक लहान होतो, आकड्यांची बारकाई तीच राहते. फारच खालच्या पातळीचं रेकॉर्डिंग असेल तर एन्कोडर एखादा विरत जाणारा नाद ‘हे कुणाला ऐकू जाणार नाही’ म्हणून टाकून देऊ शकतो, एवढा एक अपवाद. नेहमीच्या सीडीवरून घेतलेल्या गाण्याला ती भीती नाही.

आता तुमचीच शेवटची ओळ पाहा: ‘एवढं करूनही काही गाण्यांना आवाजाच्या बटणाकडे हात जातोच.’ जाणारच! शंभर टक्क्यांवर नेताना सॉफ्टवेअर फाइलमधलं सगळ्यात उंच टोक शोधतं आणि ते कमाल मर्यादेला टेकेपर्यंत सगळं उचलतं. कानाला मात्र टोक जाणवत नाही, सरासरी जाणवते. मी एकदा जुन्या कॅसेटवरून एक रेकॉर्डिंग उतरवलं होतं. नॉर्मलाइझ केलं, काही फरक नाही. पुन्हा केलं, तरी तेच. शेवटी आलेख मोठा करून पाहिला तर अगदी सुरुवातीला बटण दाबल्याचा ‘टक्’ होता, कमाल मर्यादेच्या जेमतेम ०.३ डेसिबल खाली. संगीताची टोकं मात्र १४ डेसिबल खाली. म्हणजे त्या एका ‘टक्’पायी सगळं गाणं अडलं होतं. तो कापल्यावर बाकीचं सुखरूप वर आलं.

आणि याउलट, ज्या गाण्याचं टोक तुम्ही बरोबर कमाल मर्यादेला टेकवता, त्याचं पुढे काय होतं? १६ बिटांत सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. एमपी३ मूळ तरंग जसाच्या तसा परत देत नाही, थोडा बदलून देतो. त्यामुळे डिकोड करताना एखादं टोक ३३,९०० मागू शकतं. तेवढी जागाच नसते, मग शेंडा छाटला जातो आणि ऐकताना आवाज फाटतो. बिटरेट (दर सेकंदाला वापरलेले बिट) जितका कमी, तितकी ही शक्यता जास्त. म्हणून टोकाला शंभर टक्क्यांऐवजी किमान १ डेसिबल मोकळी जागा ठेवलेली बरी. १२८ केबीपीएस बिटरेटच्या फाइली करणार असाल तर थोडी अधिकच.

सगळी गाणी सारख्या आवाजात हवीत तर ते काम एन्कोड झाल्यावर करा. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ साली मांडलेली रिप्लेगेनची पद्धत हेच करते. गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं, फरक टॅगमध्ये (फाइलला जोडलेल्या माहितीच्या नोंदीत) लिहायचा आणि वाजवताना प्लेअरने तेवढा आवाज कमी-जास्त करायचा. मूळ फाइलला धक्का नाही. शिवाय अल्बम गेन, म्हणजे सगळ्या अल्बमला मिळून एकच फरक, वापरला तर एकाच अल्बममधलं हळुवार गाणं हळुवारच राहतं. तुमच्या पद्धतीत प्रत्येक गाण्याची टोकं वेगवेगळी उचलली जातात आणि एकातून दुसऱ्यात वाहत जाणारी गाणी असतील तर सांध्यावर आवाज चक्क उडी मारतो. दणदणीत मास्टरिंग केलेल्या गाण्यांना रिप्लेगेन ८-१० डेसिबल खाली आणते, तेव्हा पहिल्या दिवशी ‘सगळं बारीक झालं’ असं वाटतं. बटण एकदाच वर करायचं, की झालं.

तुमच्या गाडीतला प्लेअर टॅग वाचत नाही, हा तुमचा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी एमपी३गेन हे सॉफ्टवेअर आहे. ते टॅगवर विसंबत नाही, वर सांगितलेला गुणकच फाइलच्या प्रत्येक फ्रेममध्ये (छोट्या तुकड्यात) बदलतं. त्यामुळे कुठलाही प्लेअर ते मानतो, पुन्हा एन्कोड करावं लागत नाही आणि पूर्वीच्या पातळीवर परतही जाता येतं. फक्त बदल १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनीच होतो. माझ्या कानांना तेवढं पुरतं.

राहिला माझा ‘कधीच’. कॅसेट किंवा तबकडीवरून स्वतः उतरवलेलं, खालच्या पातळीचं रेकॉर्डिंग एन्कोड करण्याआधी वर आणायलाच हवं, आणि तेही ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे आवाज वर-खाली केला तरी बारकावे हरवत नाहीत अशा स्वरूपात. हे मी लिहायला हवं होतं, तुम्ही पकडलंत. त्या लेखातला परिच्छेद आजच बदलला आहे. तुमच्याकडे मूळ वेव्ह फाइली अजून असतील तर त्या मात्र एवढ्यात पुसू नका.