धाब्याखालचा तास

यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट मोकळी केली. प्रत्यक्ष कामाचा १५ वर्षांचा अनुभव असेल तर पीएचडीवाचूनही शिकवता येतं. तरी जळगाव-धुळ्याकडे 'पदवी मोठी की साइट?' हा वाद संपत नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्टहून बघताना तो जरा गमतीचाच वाटतो. इथल्या ट्रान्ससोलार या क्लायमेट इंजिनिअरिंग (इमारतीतली ऊब-गारवा आखण्याचं काम) कंपनीचे संस्थापक मथियास शूलर वर्षानुवर्षं हार्वर्डमध्ये शिकवत आले. त्याच कंपनीतले थॉमस आवर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक आहेत.

माझी भीती वेगळी आहे. असा तज्ज्ञ खान्देशात आला आणि त्याने जर्मनीचाच धडा गिरवला तर? जर्मनीत जुन्या सपाट छताचं काम नव्याने काढलं की यू-व्हॅल्यू (छतातून किती उष्णता पाझरते तो आकडा; कमी तेवढा चांगला) ०.२० वर आणावी लागते, कारण हिवाळ्यातली ऊब घरातच राखायची असते. भुसावळच्या मे महिन्यात भांडण उन्हाशी असतं, आणि ते मुख्यतः वेळेचं असतं.

म्हणून पहिला तास धाब्याखाली, म्हणजे खान्देशातल्या जुन्या घरांच्या मातीच्या सपाट छताखाली घ्यावा. सरे (लाकडी तुळया), किलचन (त्यांवर आडव्या घातलेल्या काटक्या), पाला, चिखल, वर पांढरी माती. फूटभर मातीतून उष्णता खाली यायला साधारण नऊ-दहा तास लागतात. दुपारी दोनचं ऊन खोलीत पोचतं मध्यरात्रीच्या सुमाराला, तेव्हा माणसं अंगणात नाहीतर धाब्यावरच झोपलेली असतात! पाच इंची स्लॅब तेच ऊन सव्वातीन तासांत, बरोबर चहाच्या वेळेला, डोक्यावर आणून ठेवतो. मग पंखा फक्त गरम हवा फिरवतो.

इको निवास संहितेत (घरांसाठीची केंद्राची ऊर्जा-नियमावली, २०१८) छताच्या यू-व्हॅल्यूची मर्यादा १.२ आहे. उघडा स्लॅब ३.३ च्या आसपास, धाबं दीडच्या वर. म्हणजे कागदावर दोन्ही नापास! या आकड्याला तास दिसत नाहीत, हे मुलांना लॉगर (तापमान आपोआप टिपणारं छोटं यंत्र) लावूनच कळेल. दर पंधरा मिनिटांना नोंद, आठवडाभर. सोबत काळा रंग दिलेला पिंगपाँगचा चेंडू आणि त्याच्या पोटात सेन्सर, म्हणजे तापलेल्या छताची धगही मोजली जाते. लॉगर कूलरच्या झोतात किंवा तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवला की आठवडा वाया.

स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक कडक फोम) टाकलं तर यू-व्हॅल्यू ०.६ पर्यंत उतरवता येते, पण ते स्लॅबच्या वर आणि कोब्याच्या खाली हवं. खालून पीओपीच्या खोट्या छतात लपवलं की स्लॅब रोज तापतो-निवतो आणि भेगा पडून पावसाळ्यात गळतो. छतावर चुन्याचा पांढरा हात स्वस्त आणि चांगला, मात्र धुळीने महिन्याभरात मळतो, झाडलोट हवीच.

आणि कूलर. ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) २३ च्या आसपास येतं, आणि पॅड चांगले असतील तर २८-२९ अंशांची हवा मिळते. तिला बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. जर्मन पुस्तकातलं 'फटी बुजवा' खान्देशात पाळलं तर तासाभरात खोली चिकट होते आणि कूलर नुसता घरघरत राहतो.