करंट आहे, पण पोचत नाही

जुन्या गाडीचं इंजिन उतरवून पुन्हा चढवलं की गाडी नवी होते, असं फक्त बिल भरणाऱ्याला वाटतं. आमच्या प्रीमियर पद्मिनीचं (घरात ती अजून ‘फियाट’च आहे, पद्मिनी म्हटलं तर बाबा ओ देत नाहीत) बोअरिंग झालं, पिस्टन-रिंगा नव्या पडल्या, हेड घासून आलं, गॅस्केट बदललं. मिस्त्रींनी हौसेने इंजिनाला रंगही मारला. आता एवढंच राहिलं होतं की ते चालू होत नव्हतं.

“साहेब, इंजिन टाइट आहे. चालवाल तसं मोकळं होईल.”

चालवायला ते आधी चालू व्हावं लागेल, हा माझा मुद्दा त्यांनी हसण्यावारी नेला. मिस्त्रींचा हात काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांवर बसलेला. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं, त्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून हटली. तेव्हापासून हात साफ ठेवायला त्यांच्याकडे उरली ती आमचीच.

गाडी टेम्पोला दोर लावून सोसायटीत आणली आणि बॉनेट उघडलं. इथेच घात झाला. आजकालच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत प्लास्टिकचं काळं झाकण दिसतं. बघणारा दोन क्षण थांबतो, “हं” म्हणतो आणि निघून जातो. फियाटमध्ये सगळं उघड्यावर. बॅटरीचे 12 व्होल्ट, कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करणार, डिस्ट्रिब्युटर ते ज्याच्या त्याच्या प्लगला वाटणार. दहावीला विज्ञानात काठावर पास झालेल्यालाही समजावं इतकं सोपं, आणि समजतं म्हणून प्रत्येक जण बोलतो. न समजणाऱ्या यंत्राचा मालक निदान एकांतात दुःखी होऊ शकतो.

प्रत्येकाचा एक ठरलेला आरोपी होता. तळमजल्यावरच्या आजोबांचा कंडेन्सर, म्हणजे ठिणगीला जोर देणारी छोटीशी डबी. प्लग काढून इंजिनाला टेकवला, सेल्फ मारला, तर ठिणगी निळी पडायला हवी ती पिवळट, मरगळलेली. “कंडेन्सर,” आजोबा म्हणाले. ठिणगी निळी पडली असती तरी ते कंडेन्सरच म्हणाले असते. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मोबाइलवर काहीतरी बघून “अंकल, सेन्सर असेल” असं सुचवलं. या गाडीत सेन्सर नाही हे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल निखळ करुणा दाटून आली.

कधीकाळी स्वतःची फियाट असलेले तिसरे गृहस्थ पॉइंटवाले. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली, कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं. पॉइंट उघडल्यावर मध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतली फट हवी. ती मोजायला फीलर गेज मिळतो, पण त्यांनी काडेपेटीचा पुठ्ठा फाडून सरकवला. “आम्ही याच मापावर महाबळेश्वर केलंय.” पुढे पॉलिश पेपरने पॉइंट घासता घासता, “पूर्वी रात्री आम्ही रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा) काढून खिशात घालून झोपायचो, म्हणजे चोर गाडी नेऊ शकत नसे,” हेही त्यांनी सांगितलं. मला ती चिंता नव्हती. ही गाडी चालू करून नेणाऱ्या चोराला मी आरसी बुकही दिलं असतं.

मग कुणीतरी प्लगची वायर हातात धरली आणि दुसऱ्या कुणीतरी सेल्फ मारला. “करंट आहे,” पहिल्याने शेजारच्या स्कूटरवर बसकण मारत जाहीर केलं. पाठोपाठ कार्बोरेटरमधून असा बार उडाला की पार्किंगमधली कबुतरं आणि वॉचमन एकदमच बाहेर पडले.

बार ऐकवल्यावर मिस्त्री फोनवर गप्प झाले. संध्याकाळी आले. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबला आणि पंख्याचा पट्टा हाताने ओढत इंजिन फिरवलं. त्याचं असं आहे : पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा पेट्रोल-हवा दाबायला आणि एकदा धूर ढकलायला. पुलीवरची टायमिंगची खूण दोन्ही वेळेला तिथेच येते, डिस्ट्रिब्युटर मात्र अर्ध्या वेगाने फिरतो. नुसती खूण बघून तो बसवला, तर ठिणगी धूर निघताना पडू शकते. दाब नेमका कुठल्या वेळेला येतो, हे अंगठ्याला कळतं. आमचा नेमका अर्धा फेरा उलटा बसला होता. मिस्त्रींनी तो फिरवला, “एक-तीन-चार-दोन” पुटपुटत वायरी लावल्या आणि “होतं असं कधीकधी” म्हणाले. गाडी खोकत, मिसिंग करत, पण चालू झाली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी चावी फिरवली तर सेल्फ नुसता कण्हला. पुन्हा फिरवली. चोक मागे ढकलायला हात लावला आणि झटकन काढून घेतला. बटण चटका बसावा इतकं तापलं होतं, आणि डॅशबोर्डखालून जळक्या रबराचा वास येत होता.

इतके दिवस लांबून बघणारे, वीज मंडळातून निवृत्त झालेले काका तेव्हा पहिल्यांदा पुढे आले. खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “अर्थिंग कुठंय?”

इंजिन बसतं रबरी माउंटिंगवर. त्याला बॉडीशी जोडणारी एक जाड विणलेली पट्टी असते, सेल्फचा सगळा करंट तिच्यातून बॅटरीकडे परततो. ती पट्टीच नव्हती. करंट बिचारा इतके दिवस चोकच्या तारेतून वाट काढत होता. पिवळ्या ठिणगीचं कारणही हेच निघालं. आजोबा मात्र मानेनेच “नाही” म्हणाले.

पट्टी सापडली डिकीत. मिस्त्रींनी ‘उरलेलं सामान’ म्हणून दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. काकांनी तिची दोन्ही टोकं घासून बोल्ट आवळले, आणि पहिल्याच सेल्फला गाडी अशी चालू झाली की जमलेल्यांचा थोडा विरस झाला.

पिशवीत अजून दोन बोल्ट, एक वॉशर आणि एक स्प्रिंग आहे. मिस्त्रींना फोन करून विचारलं.

“राहू द्या साहेब,” ते म्हणाले, “पुढच्या वेळी लागेल.”